दोन तिरक्या रेघा

माझ्या हातून झालेली आजवरची सगळ्यात महाग चूक चौदा ओळींची आहे. या ओळी सी भाषेत आहेत. कंपाइल करताना त्या एकही वॉर्निंग देत नाहीत. कोड रिव्ह्यूमध्ये त्यांच्याखाली आमच्या टीम लीडनी 'छान, सुटसुटीत' असा शेराही मारला होता. तो शेरा अजून तिथेच आहे. कधीतरी रात्री उशिरा मी तो उघडून बघते.

मी पुण्यात एका लहान कंपनीत काम करते. एक्स-रे आणि सोनोग्राफी सेंटरना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. पेशंटची नोंद करायची, मशीनकडून आलेल्या प्रतिमा साठवायच्या, रिपोर्ट छापायचा, असं काम. स्क्रीनवर जे दिसतं ते दुसरी टीम बघते. मी तळघरात असते. म्हणजे खरंच तळघर नाही, पण सॉफ्टवेअरच्या इमारतीत ज्याला तळघर म्हणता येईल अशा एका जुन्या सी लायब्ररीत. फाइल उघड, कॉपी कर, फोल्डर नसेल तर बनव, जुन्या फाइली कपाटात हलव, एवढंच ती लायब्ररी करते. मी नोकरीला लागले तेव्हा तिचा मूळ लेखक कंपनी सोडून गेलेला होता आणि तिला हात लावायला सगळे घाबरत. मला सी येत होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर पॉइंटर शिकलेल्या आमच्या वर्गातल्या ज्या दोन-चार जणांना ते आवडलं होतं, त्यातली मी एक. मग लायब्ररी माझ्याकडे आली.

चूक सांगायची तर आधी पाथ म्हणजे काय ते सांगायला हवं. पाथ म्हणजे फाइलचा पत्ता. आपण पत्ता लिहितो तेव्हा धाकट्याकडून थोरल्याकडे जातो: आधी माणसाचं नाव, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा. कॉम्प्युटर उलटा जातो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, शेवटी माणूस. आणि प्रत्येक टप्प्याच्या मध्ये एक तिरकी रेघ.

ही रेघ कुठल्या दिशेला तिरकी, यावर जगाचं एकमत झालेलं नाही. युनिक्समध्ये १९७० च्या दशकापासून ती पुढे झुकलेली आहे, म्हणजे साधा स्लॅश. १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता, त्यामुळे रेघेची गरजही नव्हती. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, पण तोवर डॉसच्या कमांडना ऑप्शन देण्यासाठी स्लॅश वापरला जात होता. जागा अडलेली होती. म्हणून फोल्डरसाठी मागे झुकलेली रेघ घेतली, बॅकस्लॅश. चाळीस वर्षं झाली, आम्ही अजून ती भाडेपट्टी भरतोय.

मग एका ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले जाऊ लागले. आता फाइल माझ्याच मशीनवर असेल असं नाही, दुसऱ्या मशीनवरही असेल. तिचा पत्ता कसा लिहायचा? विंडोजच्या जगातलं उत्तर असं: सुरुवातीला दोन बॅकस्लॅश, मग त्या दुसऱ्या मशीनचं नाव, मग त्या मशीनने जे फोल्डर इतरांसाठी खुलं केलंय त्याचं नाव, आणि तिथून पुढे नेहमीसारखं.

\\सर्व्हर\शेअर\फोल्डर\फाइल

याला युनिव्हर्सल नेमिंग कन्व्हेन्शन म्हणतात, आम्ही नुसतं यूएनसी म्हणतो. यात सगळी गंमत त्या पहिल्या दोन रेघांत आहे. दोन रेघा म्हणजे 'हा पत्ता या घरातला नाही, बाहेर जा.' एक रेघ म्हणजे 'याच घरात, अगदी दारापासून सुरुवात कर.' दोन आणि एक यात फरक फक्त एका अक्षराचा, पण एकाचा अर्थ परगाव आणि दुसऱ्याचा अर्थ आपलाच उंबरठा.

हे फक्त विंडोजचं खूळ नाही. १९८० च्या दशकात अपोलो नावाच्या कंपनीची वर्कस्टेशन असत, त्यांच्यावर दोन स्लॅशनी सुरू होणारा पाथ नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनकडे नेत असे. युनिक्ससारख्या सगळ्या सिस्टिमसाठी जे पॉझिक्स नावाचं मानक आहे, त्यातही याची आठवण ठेवलेली आहे. पाथच्या सुरुवातीला नेमके दोन स्लॅश असतील तर त्याचा अर्थ ज्या त्या सिस्टिमने ठरवावा, असं ते सांगतं. तीन किंवा जास्त असतील तर मात्र तो एकच समजायचा. एक म्हणजे एक, तीन म्हणजे एक, सतरा म्हणजे एक, पण दोन म्हणजे थांबा आणि विचारा. पहिल्यांदा वाचताना हा नियम मला विनोदी वाटला होता. वाचला तेव्हा उशीर झालेला होता, ही गोष्ट वेगळी.

सी भाषेत हा गोंधळ आणखी वाढतो. तिथे बॅकस्लॅश हे पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारं चिन्ह आहे. बॅकस्लॅश आणि एन मिळून नवी ओळ होते, बॅकस्लॅश आणि टी मिळून टॅब. त्यामुळे खरा एक बॅकस्लॅश हवा असेल तर दोन लिहायचे आणि यूएनसीच्या सुरुवातीचे दोन हवे असतील तर चार. तोच पाथ रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शोधायचा असेल तर सी कोडमध्ये आठ. जपानी विंडोजवर तर जुन्या सवयीने बॅकस्लॅशच्या जागी येनचं चिन्ह दिसतं, म्हणजे तिथल्या प्रोग्रामरला प्रत्येक पत्ता किमतीच्या चिठ्ठीसारखा वाचावा लागतो. या सगळ्याला कंटाळून बरेच जण जे करतात तेच मी केलं. पाथ हातात आला की आधी सगळे बॅकस्लॅश साध्या स्लॅशमध्ये बदलून टाकायचे. विंडोजची बहुतेक फंक्शन साधा स्लॅशही निमूटपणे स्वीकारतात. एकदा सगळं एका दिशेला झुकलं की पुढचं काम सोपं.

त्या चौदा ओळींचं फंक्शन हेच करत होतं. वरून आलेल्या पाथमध्ये कचरा असायचा. कुणी शेवटी रेघ देई, कुणी देत नसे, मग दोन तुकडे जोडले की मध्येच दोन-दोन, तीन-तीन रेघा येत. माझं फंक्शन पाथ धुऊन काढायचं: सगळ्या रेघा एका दिशेला, आणि एकापाठोपाठ एक आलेल्या रेघांची एकच रेघ. एक लूप, दोन इंडेक्स, जागच्या जागी बदल, नवी मेमरी नाही. मला ते आवडलं होतं. मी त्याच्या बावीस टेस्ट लिहिल्या. माझा लॅपटॉप लिनक्सचा, बिल्ड सर्व्हरही लिनक्सचा. बावीसच्या बावीस हिरव्या.

लिनक्सवर सुरुवातीच्या दोन रेघांचा अर्थ एकच रेघ असा आहे. त्यामुळे माझी चूक तिथे चूक नव्हतीच.

आता विंडोजवर काय होतं ते बघा. सेटिंगमध्ये कुणीतरी पत्ता लिहिला: \\नास\रेकॉर्ड. माझ्या फंक्शनने तो आधी //नास/रेकॉर्ड केला आणि मग /नास/रेकॉर्ड. विंडोजच्या दृष्टीने एका रेघेने सुरू होणारा पाथ म्हणजे 'सध्याच्या ड्राइव्हच्या मुळापासून'. सध्याचा ड्राइव्ह सी. म्हणजे सी:\नास\रेकॉर्ड. असं फोल्डर नाही? काही हरकत नाही. लायब्ररीत दुसरं एक फंक्शन होतं, मधली फोल्डर नसतील तर ती बनवत जाणारं. त्याने सी ड्राइव्हवर नास नावाचं फोल्डर बनवलं, त्यात रेकॉर्ड बनवलं. फाइल कॉपी झाली. कॉपी बरोबर झाली का हे तपासायला आम्ही फाइल परत वाचून चेकसम जुळवतो. परत वाचतानाही पाथ त्याच फंक्शनमधून धुऊन निघाला, म्हणून त्याच चुकीच्या जागची फाइल वाचली गेली आणि चेकसम तंतोतंत जुळला. मग मूळ फाइल पुसली गेली. लॉगमध्ये ओळ उमटली: यशस्वी.

या सगळ्या साखळीत एकदाही एरर आला नाही. याचंच मला अजून सगळ्यात जास्त वाईट वाटतं. प्रोग्राम कोसळला असता तर दुसऱ्या दिवशी फोन आला असता.

फोन सात महिन्यांनी आला.

आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे एका तालुक्याच्या गावातलं एक्स-रे सेंटर. एक डॉक्टर, एक टेक्निशियन, एक रिसेप्शनची मुलगी आणि एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर महिनाभराच्या ताज्या प्रतिमा राहायच्या आणि त्याहून जुन्या प्रतिमा आपोआप नासवर हलायच्या. नास म्हणजे नेटवर्कला जोडलेली दोन हार्डडिस्कची डबी. पूर्वी ती झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेली असे. पण लाइट जाऊन आली की झेड ड्राइव्हवर लाल फुली यायची, मग टेक्निशियन दादा सपोर्टला फोन करायचे. शेवटी आमच्याच सपोर्टमधल्या मुलाने त्यांना सांगितलं, झेडचं झंझट सोडा, थेट पत्ता टाका. सल्ला अगदी योग्य होता. झेड ड्राइव्हच्या पाथमध्ये सुरुवातीला दोन रेघा नसतात, म्हणून माझं फंक्शन तोवर कुणाला चावलं नव्हतं. थेट पत्ता टाकणारं हे पहिलं सेंटर.

सात महिने नासवर हिरवा दिवा लुकलुकत होता आणि आत एकही नवी फाइल जात नव्हती. सगळं त्याच कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवर साठत होतं. साठता साठता ड्राइव्ह भरला, कॉम्प्युटर हळू झाला. गावातल्या हार्डवेअरवाल्याने विचारलं, महत्त्वाचं काय काय आहे? दादांनी डेस्कटॉप, डॉक्युमेंट आणि डी ड्राइव्हवरच्या ताज्या प्रतिमा दाखवल्या. जुन्या? त्या नासवर आहेत. हार्डवेअरवाल्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, नवीन विंडोज टाकलं, आणि आमच्या सपोर्टच्या मुलाने सॉफ्टवेअर पुन्हा बसवून दिलं. कॉम्प्युटर पळायला लागला. आठवड्याने एक पेशंट आला, त्याची जुनी प्रतिमा उघडेना.

लीड आणि मी सकाळच्या एसटीने गेलो. तोवर आम्हाला काही कळलेलं नव्हतं. नासची डिस्क गेली असेल असं धरून आम्ही निघालो होतो. दादांनी चहा मागवला. चाळिशीच्या आतले, उभट चेहऱ्याचे, प्रत्येक वाक्यात मला मॅडम म्हणणारे. मी नास उघडला. सात महिन्यांपूर्वीच्या एका तारखेपर्यंत सगळं होतं, पुढे काही नाही. मग सहज, काही सुचत नाही म्हणून, मी सी ड्राइव्ह उघडला. प्रोग्राम फाइल्स, यूझर्स, विंडोज आणि त्यांच्या रांगेत एक छोटं पिवळं फोल्डर: नास.

ते नव्या विंडोजवर, नव्याने, त्या आठवड्यात तयार झालेलं होतं. आत त्या आठवड्यात महिन्याच्या झालेल्या मोजक्या प्रतिमा होत्या. मला पाच सेकंदांत सगळं कळलं. बाकी काही उघडून बघायची गरज नव्हती. ती चौदा ओळींची लूप डोळ्यांसमोर चालायला लागली. हात गार पडतात म्हणतात ते खरं असतं.

मी लीडना बाहेर बोलावून सांगितलं. ते बराच वेळ समोरच्या रसवंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आत्ता काही बोलू नकोस. ऑफिसशी बोलतो मी." ऑफिसचं म्हणणं दुपारी आलं. तपास सुरू आहे असं सांगा. आणि सेटिंग बदलल्यामुळे प्रॉब्लेम आलाय, एवढंच सध्या म्हणा.

सेटिंग दादांनी बदललं होतं. आमच्या सांगण्यावरून, पण त्यांनी. फॉरमॅटला होही त्यांनीच म्हटलं होतं. लीडनी डॉक्टरांना ठरलेलं वाक्य सांगितलं तेव्हा डॉक्टर काही न बोलता दादांकडे वळून बघू लागले. दादा म्हणाले, "सर, मला जसं फोनवर सांगितलं तसंच मी टाकलं." आवाज अगदी लहान होता. मी तिथेच उभी होते, लॅपटॉपची बॅग छातीशी धरून. मी काही बोलले नाही.

त्याच दुपारी बाहेरच्या बाकड्यावर तो पेशंट होता, ज्याच्या प्रतिमेमुळे हे उघडकीला आलं. साठीचा शेतकरी आणि त्याचा मुलगा. त्याच्या नव्या एक्स-रेमध्ये छातीत एक लहानसा डाग दिसत होता. असा डाग जुना आणि न वाढणारा असेल तर बहुतेकदा काळजीचं कारण नसतं. नवा किंवा वाढणारा असेल तर पुढे तपासावं लागतं. हे ठरवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आधीची प्रतिमा शेजारी ठेवून बघणं. चार महिन्यांपूर्वी त्यांचा एक्स-रे इथेच काढला होता. डॉक्टर त्यांना म्हणाले, "जुना फोटो असता तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. आता सीटी स्कॅन करून घ्या, जिल्ह्याला जावं लागेल." मुलाने खर्च विचारला. डॉक्टरांनी अंदाज सांगितला. मुलाने वडिलांकडे बघितलं, वडिलांनी चपलेकडे.

मला तेव्हा पॉझिक्समधलं ते वाक्य माहीत नव्हतं. पण त्या बाकड्यासमोर मला पहिल्यांदा कळलं की माझ्या लूपने पुसून टाकलेली रेघ नेमकी काय होती.

पूर्वी सेंटर प्रत्येकाला मोठी काळी फिल्म देत असे आणि गावाकडची माणसं ती टाकत नाहीत. कपाटावर, ट्रंकेत, देवाच्या फोटोमागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती वर्षानुवर्षं असते. पण गेल्या वर्षापासून सेंटरने फिल्म बंद करून कागदावर प्रिंट द्यायला सुरुवात केली होती. 'सगळं कॉम्प्युटरमध्ये असतं, पाहिजे तेव्हा या' असा बोर्ड रिसेप्शनवर होता. त्या कागदी प्रिंटवर एवढा बारीक डाग ओळखता येत नाही. आम्ही निघताना एक आजी आल्या, हातात साडीच्या जुन्या पदरात गुंडाळलेली फिल्म. दादांनी सकाळपासून फोन करकरून लोकांना जुनं काही असेल तर घेऊन या म्हणून सांगितलं होतं. आजींची फिल्म सहा वर्षांपूर्वीची होती. आम्हाला तिचा काही उपयोग नव्हता, कारण सहा वर्षांपूर्वीचं सगळं नासवर सुखरूप होतं. दादांनी तरी ती दोन्ही हातांनी घेतली, दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "बरं झालं आणलीत, आजी."

परतीच्या एसटीत लीड म्हणाले, चुका होतात, रिव्ह्यू मीच केला होता, तू एकटीने घेऊ नकोस. ते मनापासून बोलत होते. पण मला दादांचं ते 'मला जसं सांगितलं तसंच' ऐकू येत होतं.

घरी आल्यावर दोन दिवस मी फक्त कोड लिहिला. लाज वाटली की मी कोड लिहिते, ही माझी सवय आहे. तेव्हा मला कळलं की ही ठेच माझ्याआधी अनेकांना लागून गेलेली आहे आणि त्यांनी रस्त्यात खुणा करून ठेवल्या आहेत. पायथनच्या लायब्ररीत लिनक्ससाठीचं पाथ साफ करणारं फंक्शन सुरुवातीच्या नेमक्या दोन स्लॅशना हात लावत नाही; तीन असतील तर मात्र त्यांचा एक करतं. विंडोजसाठीच्या फंक्शनमध्ये सर्व्हर आणि शेअर मिळून एक 'ड्राइव्ह' धरला जातो, जसा सी: धरतात तसा. जीलिब या सी लायब्ररीत पाथचा मूळ भाग ओलांडून पुढे नेणारं वेगळं फंक्शनच आहे आणि विंडोजवर ते सर्व्हर व शेअर दोन्ही ओलांडतं. मी कुणाचाच कोड आधी वाचला नव्हता. पाथ म्हणजे अक्षरांची माळ, त्यात काय वाचायचं, असं मला वाटलं होतं.

पाथ ही अक्षरांची माळ नाही. त्याला एक मूळ असतं आणि मग वाट असते. वाट कितीही झाडा, मुळाला झाडू लावायचा नाही. विंडोजवर ही मुळं तरी किती प्रकारची. सी:\ हे एक. नुसतं सी: आणि पुढे रेघ नाही, म्हणजे 'सी ड्राइव्हवर तू सध्या जिथे असशील तिथून', हे दुसरंच. एका रेघेचं तिसरं. \\सर्व्हर\शेअर हे चौथं. नेहमीची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडण्यासाठी \\?\ ने सुरू होणारे पाथ असतात, ते पाचवं. त्यांच्यात साधा स्लॅश चालतच नाही, म्हणजे सगळं एका दिशेला झुकवण्याची माझी युक्ती तिथेही घातकच. आणि तेच नेटवर्कसाठी हवं असेल तर \\?\ नंतर यूएनसी हा शब्द, मग सर्व्हर, मग शेअर. मी आधी मूळ ओळखणारं फंक्शन लिहिलं. त्याला जे ओळखता येणार नाही, तिथे अंदाज न करता एरर द्यायचा. फोल्डर बनवणाऱ्या फंक्शनलाही शिकवलं की \\सर्व्हर किंवा \\सर्व्हर\शेअर हे तुला बनवता येत नाही, ते दुसऱ्याच्या घरातलं दार आहे. असेल तर आत जा, नसेल तर परत येऊन सांग.

ते तपासताना आणखी एक गोष्ट सापडली. दादांनी नासवर हाताने एक फोल्डर बनवलं होतं: जुने पेशंट. देवनागरीत. आमची लायब्ररी ते उघडू शकत नव्हती, कारण ती जुन्या पद्धतीने, एका बाइटच्या अक्षरांनी फाइल उघडायची. त्या पद्धतीत विंडोज अक्षरं एका ठरावीक कोड पेजमध्ये बदलतं आणि देवनागरीसाठी विंडोजचं असं कोड पेज नाही, ती फक्त युनिकोडमध्ये आहे. त्यामुळे 'जुने पेशंट' लायब्ररीपर्यंत पोचताना नुसती प्रश्नचिन्हं होत होती. आणि प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालत नाही. पुण्यात बनलेलं, महाराष्ट्रभर विकलेलं सॉफ्टवेअर, आणि मराठी नावाचं फोल्डर उघडता येत नाही. आमच्यापैकी कुणी तसं नाव देऊन बघितलंच नव्हतं. आम्ही सगळे ऑफिसात मराठीत बोलतो आणि फोल्डरना इंग्रजी नावं देतो. तेही दुरुस्त केलं. सगळी उघडझाप रुंद अक्षरांच्या फंक्शननी करायची, आणि आत-बाहेर युटीएफ-८.

कोड संपला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी करायला काही उरलं नाही. मग मी डॉक्टरांना फोन केला. ऑफिसला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते आणि मी ते ऐकलं असतं, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्याकडचं सेटिंग बरोबर होतं. दादांची काही चूक नाही. चूक आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होती आणि तो भाग मी लिहिलेला आहे." पलीकडे थोडी शांतता. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय झालं?" मी सांगितलं. दोन रेघांच्या जागी एक रेघ. ते म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "हो. एवढंच." ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाले, "हे त्याच दिवशी सांगायला हवं होतंत. मी त्याला बरंच बोललो."

ऑफिसात अर्थातच ऐकून घ्यावं लागलं. पण एकदा फोन झालाच आहे म्हटल्यावर पुढचं नीट झालं. कंपनीने डिस्क काढून डेटा रिकव्हरीवाल्याकडे दिली, खर्च आम्ही केला. फॉरमॅटनंतर वर नवीन विंडोज बसलेलं होतं, त्यामुळे काही प्रतिमा परत आल्या, बऱ्याच आल्या नाहीत. थेट पत्ता वापरणारी आणखी सेंटरं शोधली. तीन निघाली, तिघांच्याही सी ड्राइव्हवर ते छोटं फोल्डर होतं, सुदैवाने भरलेलं. त्या शेतकऱ्याची प्रतिमा परत आलेल्यांत नव्हती. त्यांनी सीटी स्कॅन केला. डाग जुनाच निघाला, जुन्या कुठल्यातरी आजाराचा व्रण. हे मला दादांनी फोनवर सांगितलं. मी हुश्श केलं आणि लगेच लक्षात आलं की हुश्श करायचा हक्क मला नाही. त्यांचे साडेतीन हजार रुपये, दोन दिवसांची मजुरी आणि रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री यांचा हिशोब त्या सुटकेत बसत नाही.

दादा अजून तिथेच आहेत. सपोर्टला न लावता आता ते थेट मलाच फोन करतात, आणि मी तो उचलते. मी त्यांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मशीन आहे, चालायचंच." मला ते पटलं नाही, मशीनने काही केलेलं नव्हतं. पण ते माझ्यासाठी म्हणत होते, म्हणून मी वाद घातला नाही.

आता त्या फंक्शनच्या बावीस नाही, एकशे तीन टेस्ट आहेत आणि त्या विंडोजवरही चालतात. रिसेप्शनवरचा बोर्ड डॉक्टरांनी काढला. दर महिन्याच्या एक तारखेला दादा मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवतात: नासच्या स्क्रीनचा, किती जागा भरली ते दाखवणारा. मी त्यांना पाठवायला सांगितलेलं नाही. तो आकडा मागच्या महिन्यापेक्षा वाढलाय एवढं बघते आणि मगच दिवसाचं काम उघडते.